इंजिनात ऑइल जास्त झाले? आधी चावी खिशात ठेवा

सर्व्हिसिंग होऊन गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज बॉनेट उघडून गेज काढले, तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. किंवा कोल्हापुरात रंकाळ्याकडे जाताना ऑइलचा दिवा क्षणभर लागला म्हणून वाटेत एक लिटरचा डबा घेतला, सगळा ओतला आणि मग गेज पाहायची आठवण झाली. अशा वेळी सल्ला देणारे भोवती जमतातच. त्यातले निम्मे म्हणतात, "असू दे की, कमी असण्यापेक्षा जास्त बरं. जळंल हळूहळू."

हा सल्ला मानू नका. ऑइल कमी पडले तर इंजिनाची बेअरिंग कोरडी पडतात, हे सगळ्यांना माहीत असते. ऑइल फार जास्त झाले तरी शेवटी तीच बेअरिंग उपाशी राहतात, हे फारसे कुणी सांगत नाही. दिलासा एवढाच, की इंजिन सुरू करण्याआधी जादा ऑइल काढून टाकले तर काहीही बिघडत नाही. म्हणून पातळी जास्त दिसली की चावी खिशात ठेवा आणि दोन प्रश्नांची उत्तरे शोधा. पातळी खुणेच्या किती वर आहे? आणि ती कुणी ओतल्यामुळे वाढली, की आपोआप? पहिल्या उत्तरावरून घाई किती करायची ते ठरते. दुसऱ्या उत्तरावरून उपाय ठरतो, आणि नेमका हाच प्रश्न विचारायचा राहून जातो.

माप खरे आहे का?

आधी मोजण्यातच चूक झालेली नाही ना, ते पाहू. गाडी सपाट जागेवर हवी. जोतिबा किंवा पन्हाळ्याच्या उतारावर उभ्या केलेल्या गाडीचे गेज काहीही सांगेल. पेट्रोल पंपाचे आवारही पाणी निथळून जावे म्हणून थोडे उतरते असते. अपार्टमेंटच्या तळमजल्याची फरशी त्यापेक्षा बरी.

इंजिन नुकतेच चालू होते का? मग बंद करून पाच ते दहा मिनिटे थांबा. चालू इंजिनात बरेचसे ऑइल वर हेडमध्ये फिरत असते, ते खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरायला वेळ लागतो. बंद केल्या केल्या मोजले तर पातळी कमी दिसते. ऑइल जास्त होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. कमी दिसले म्हणून अर्धा लिटर ओतले, वरचे ऑइल खाली उतरले, आणि दुसऱ्या दिवशी पातळी मॅक्सच्या, म्हणजे वरच्या खुणेच्या, वर गेली. काही कंपन्या गरम इंजिनावर मोजायला सांगतात, काही थंडवर. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ते लिहिलेले असते आणि तेच प्रमाण मानायचे.

गेज काढा, पुसा, पूर्ण खाली जाईपर्यंत परत बसवा, पुन्हा काढा आणि मग वाचा. पुसायला जुने सुती कापड किंवा टिश्यू पेपर घ्या. उद्यमनगरच्या कारखान्यांत हाताशी असणारे कॉटन वेस्ट इथे नको, कारण त्याचे सुटे धागे गेजबरोबर आत जातात. गेजच्या दोन्ही बाजू पाहा. नळीच्या आतल्या बाजूला लागलेले ऑइल एका बाजूला चोपडले जाते आणि तिथे पातळी उगाच जास्त दिसते. दोन बाजूंत फरक असेल तर कमी दाखवणारी बाजू खरी. नवे ऑइल इतके पारदर्शक असते की पट्टीवर नीट दिसतही नाही. तेव्हा गेज टिश्यूवर आडवे ठेवा, ओला डाग कुठपर्यंत उमटतो ते लगेच कळते.

आणखी एक शक्यता. ऑइल आणि फिल्टर आत्ताच बदलला असेल आणि इंजिन अजून एकदाही सुरू झाले नसेल, तर नवा फिल्टर रिकामा असतो. तो भरायला साधारण पाव लिटरच्या आसपास ऑइल लागते. पातळी खुणेच्या किंचित वर असेल तर इंजिन एक मिनिट सुरू ठेवून, बंद करून, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. पातळी बरीच वर असेल तर मात्र हा प्रयोग करू नका.

किती जास्त म्हणजे जास्त?

बहुतेक लहान-मध्यम गाड्यांत गेजवरच्या खालच्या आणि वरच्या खुणांमध्ये पाऊण ते एक लिटर ऑइल मावते. यावरून शाळेतले त्रैराशिक वापरून अंदाज काढता येतो. समजा दोन खुणांमधले अंतर 20 मिलिमीटर आहे आणि ते एक लिटरचे आहे. मग पातळी 5 मिलिमीटर वर असेल तर पाव लिटर जास्त, 10 मिलिमीटर वर असेल तर अर्धा लिटर. हा अंदाजच आहे, कारण चेंबर वरच्या बाजूला रुंद होत जाते. पण निर्णय घ्यायला तो पुरतो.

वरच्या खुणेच्या दोन-तीन मिलिमीटर वर, म्हणजे शंभर-दीडशे मिली जास्त असेल तर काळजीचे कारण नाही. गाडी वापरा, आठवड्याने पुन्हा मोजा.

पाव लिटर ते अर्धा लिटर जास्त असेल तर ते काढायचेच. गॅरेज जवळच असेल तर रेस न करता, सावकाश तिथपर्यंत नेता येईल. पण त्याच गाडीने गगनबावड्याकडे निघायचे नाही आणि महामार्गावर शंभरचा वेगही घ्यायचा नाही. चढ-उतार, वळणे आणि जोराचे ब्रेक यांत चेंबरमधले ऑइल एका बाजूला धावते आणि पातळी तिथे आणखी वर जाते.

अर्ध्या लिटरहून जास्त असेल तर इंजिन सुरूच करू नका. मिस्त्रीला घरी बोलवा. एक लिटर किंवा त्याहून जास्त असेल तर आधी पुढचा "ओतले, की आपोआप वाढले?" हा भाग वाचा, कारण तेव्हा निव्वळ अंदाज चुकला असण्याची शक्यता कमी असते.

लहान पेट्रोल गाडीच्या इंजिनात एकूण ऑइल तीन-साडेतीन लिटरच असते. मोठ्या डिझेल एसयूव्हीत ते त्याच्या जवळपास दुप्पट असू शकते. त्यामुळे अर्धा लिटर जास्त होणे लहान गाडीला अधिक बाधते.

जास्त ऑइल आत काय करते?

कोल्हापूरला इंजिनाची ओळख करून द्यावी लागत नाही. उद्यमनगराने एकेकाळी शेतावरची ऑइल इंजिने बनवून नाव कमावले. मिनिटाला सहा-साडेसहाशे फेरे मारत धडधडणाऱ्या जुन्या धाटणीच्या अनेक इंजिनांत कनेक्टिंग रॉडच्या तळाला एक छोटा डिपर असे. तो मुद्दाम ऑइलात बुडे, शिंतोडे उडवी आणि त्यावरच सगळ्या भागांना वंगण मिळे. ते इंजिन मनात ठेवून काही जुनेजाणते म्हणतात, क्रँक ऑइलात बुडाली म्हणून काय बिघडले? पण मोटारीच्या इंजिनाची रचना वेगळी आहे. तिथे ऑइल पंप दाबाने प्रत्येक बेअरिंगपर्यंत ऑइल पोचवतो, आणि क्रँक मिनिटाला दोन-तीन हजार फेरे मारते. ती ऑइलच्या पृष्ठभागाच्या वर, मोकळ्या हवेतच फिरली पाहिजे.

पातळी फार वाढली की क्रँकची वजने ऑइलावर आपटू लागतात आणि ताक घुसळावे तसे ऑइल घुसळले जाते. त्याला फेस येतो. फेस म्हणजे निम्मी हवा. पंप ऑइल ओढायच्या ऐवजी हा फेस ओढतो. ऑइल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते, त्यामुळे दाब पडतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून इंजिनाची बेअरिंग, पिस्टन, सिलिंडर ब्लॉक तयार होऊन देशभर जातात. तिथे काम करणाऱ्यांना ठाऊक असते, की क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच असते. त्या फटीत ऑइलचा अखंड थर हवा. थरात हवेचे बुडबुडे शिरले की धातूला धातू लागतो.

दुसरे नुकसान ब्रीदरच्या वाटेने होते. चेंबरमधला दाब बाहेर पडावा म्हणून एक पाइप इंजिनाच्या हवा घेण्याच्या मार्गाला जोडलेला असतो. जास्त ऑइल असले की त्या पाइपातून वाफेबरोबर ऑइलही ओढले जाते आणि इंजिनात जळते. मागून निळसर धूर येतो, प्लग काळे पडतात. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असे बराच काळ चालले तर निकामी होतो, आणि तो भाग महागडा असतो. क्रँकच्या टोकाचे ऑइल सील आधीच म्हातारे झालेले असतील तर तिथूनही गळती सुरू होते. शिवाय घुसळण्यात ताकद वाया जाते, त्यामुळे गाडी जड वाटते आणि अ‍ॅव्हरेज घटते.

म्हणून ही लक्षणे ध्यानात ठेवा. निळसर किंवा पांढरा धूर, बॉनेटमधून जळक्या ऑइलचा वास, टॅपेटचा कटकट आवाज, गाडीने ओढण्यात कुचराई करणे, पार्किंगमध्ये ताजे डाग, आणि ऑइल भरपूर असूनही ऑइलचा लाल दिवा लुकलुकणे. शेवटचे लक्षण दिसले की गाडी बाजूला घ्या आणि लगेच बंद करा.

ओतले, की आपोआप वाढले?

ओतल्याने वाढले असेल तर कारणे साधी असतात. जुने ऑइल पूर्ण निथळू दिले नाही. फिल्टर बदलला नाही, पण माप मात्र फिल्टरसहितचे ओतले. गाडीला 3.1 लिटर लागते आणि डबा साडेतीनचा होता, तो संपवूनच मिस्त्री उठला. गॅरेजने टॉप-अप केले होते, घरी आल्यावर आपणही केले. या सगळ्यावर उपाय एकच, जादा ऑइल काढणे.

पण तुम्ही काहीही ओतलेले नसताना पातळी वाढली असेल, तर चेंबरात ऑइलशिवाय दुसरे काहीतरी शिरले आहे. तेव्हा नुसती पातळी खाली आणणे म्हणजे दुखणे झाकणे. याचे तीन प्रकार नेहमी आढळतात.

पहिला प्रकार पुराचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये नदी त्याच्या कितीतरी वर गेली आणि शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा अशा भागांत गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर अशा गाडीच्या गेजवर पातळी वाढलेली दिसली, तर चेंबरात पाणी शिरले आहे असे समजा. पाणी ऑइलपेक्षा जड. ते तळाला बसते आणि ऑइलला वर उचलते. त्यामुळे गेजला लागलेले ऑइल अगदी स्वच्छ असले तरी फसायचे नाही. गाडी न हलवता मिस्त्रीने ड्रेन बोल्ट हलकेच सैल केला, की आधी पाण्याची धार येते आणि मागून ऑइल. एकदा सेल्फ मारला की दोन्ही घुसळून दुधाळ, कॉफीच्या रंगाचा काला होतो आणि तो पंपाच्या वाटेने इंजिनभर पसरतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉडच वाकतो. म्हणून पुरातल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही, बॅटरीची वायर काढायची आणि विमा कंपनीला कळवायचे. पाणी शिरलेले इंजिन सुरू केल्याने झालेली हानी साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कवच घ्यावे लागते. नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांनी पॉलिसीचे नूतनीकरण करताना हे एकदा तपासून घ्यावे.

दुसरा प्रकार डिझेलचा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला. तो भरला की गाडी आपणहून जास्तीचे डिझेल फवारते आणि त्या उष्णतेने काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, एका वेगाने चालावी लागते. राजारामपुरीतून महाद्वार रोड आणि तिथून परत, एवढीच रोजची धाव असेल तर ही प्रक्रिया मध्येच तुटते. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरात उतरते. गेजवर पातळी महिन्यागणिक वाढते, ऑइल बोटाला पातळ लागते आणि त्याला डिझेलचा वास येतो. ऑइलचा एक थेंब कागदावर टाकून तासाभराने पाहा. काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट वलय पसरले असेल तर संशय बळावतो. इंजेक्टर गळत असेल तरी असेच होते. पातळ झालेले ऑइल बेअरिंगला सांभाळत नाही, त्यामुळे इथे ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावे लागतात. ते झाल्यानंतर, आधी नव्हे, आठवड्यातून एकदा कागल-निपाणीच्या दिशेने महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे सलग गाडी चालवण्याची सवय ठेवा. तरीही पातळी वाढत राहिली तर इंजेक्टर तपासून घ्या.

तिसरा प्रकार कूलंटचा. हेड गॅस्केट फाटले किंवा ऑइल कूलर आतून फुटला की रेडिएटरचे पाणी ऑइलात उतरते. कूलंटच्या टाकीतली पातळी घटत असेल, गेजवर ऑइलची वाढत असेल आणि ऑइल दुधाळ दिसत असेल, तर निदान जवळजवळ पक्के. गाडी बंद करून टोचन लावून गॅरेजला न्या. पावसाळ्यात, छोट्या अंतरावरच चालणाऱ्या गाडीत ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पांढरट चिकटा दिसतो, तो मात्र बहुधा आतल्या दमटपणाचा असतो. गेजवरचे ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर त्याने घाबरू नका.

आता राहिली ती एक लिटरहून जास्त असण्याची गोष्ट. सर्व्हिसिंगनंतर लगेच पातळी दोन-तीन लिटरने जास्त निघाली, तर एक भयंकर पण घडणारी चूक तपासा. चेंबरचा समजून गिअरबॉक्सचा बोल्ट उघडला गेला, गिअरबॉक्स रिकामा झाला आणि इंजिनात जुन्या ऑइलावर नवे ओतले गेले. ऑटोमॅटिक गाड्यांत याचे परिणाम फार महाग पडतात. अशी शंका आली तर गाडी सुरू करू नका आणि दोरी लावून ओढूही नका, कारण चाके फिरली की कोरडा गिअरबॉक्सही फिरतो. फ्लॅटबेडवर चढवूनच न्या.

जादा ऑइल काढायचे कसे?

अर्ध्या लिटरपर्यंतचे ऑइल वरूनच काढणे सर्वांत सोपे. गॅरेजमध्ये यासाठी हवेच्या दाबावर चालणारे ओढयंत्र असते. घरी करायचे तर मेडिकलमधून 50 मिलीची मोठी सिरिंज घ्या आणि गेजच्या नळीत जाईल अशी बारीक, स्वच्छ प्लास्टिक नळी घ्या. फिशटँकच्या दुकानात मिळते ती बहुतेक गाड्यांना चालते.

1. इंजिन कोमट असू द्या. थंड ऑइल ओढायला जड जाते, गरम ऑइल हात भाजते आणि नळी मऊ पाडते.

2. गेज नळीशेजारी धरून नळीवर त्याच्या लांबीची खूण करा. त्या खुणेच्या दोन-तीन सेंटिमीटरपलीकडे नळी ढकलू नका. ती कुठे अडत असेल तर जबरदस्ती नको.

3. नळीचे टोक तिरके कापा, म्हणजे ते तळाला चिकटून बंद होत नाही.

4. सिरिंजने ओढा आणि रिकाम्या पाण्याच्या बाटलीत जमा करा. तोंडाने ओढणे कधीच नको.

5. शंभर-दीडशे मिली काढून झाले की पाच मिनिटे थांबा, गेज पुसून पुन्हा मोजा. असे टप्प्याटप्प्याने करा. एकदम खूप काढून परत ओतण्याची वेळ येऊ देऊ नका.

6. दोन खुणांच्या मध्याच्या वर, मॅक्सच्या किंचित खाली थांबा. इंजिन एक मिनिट चालवून, दहा मिनिटांनी शेवटचे माप घ्या. नळी, सिरिंज बाहेर आहे ना आणि गेज पूर्ण खाली बसले ना, हे पाहूनच बॉनेट लावा.

खालून बोल्ट उघडणे हा दुसरा मार्ग. तो मिस्त्रीकडूनच केलेला बरा. बोल्ट थोडा सैल करून थोडेच ऑइल सोडण्याचा प्रयत्न नवख्याच्या हातून फसतो. बोल्ट निसटून भांड्यात पडतो, धार मनगटावर येते आणि नको तितके ऑइल जाते. ऑइल बदलून एक-दोन दिवसच झाले असतील तर मिस्त्री स्वच्छ कोरड्या भांड्यात सगळे ऑइल काढून, मापून तेच परत भरू शकतो. बोल्टचा वॉशर मात्र नवा टाकायला सांगा. अनेक गाड्यांचे चेंबर अ‍ॅल्युमिनियमचे असते, बोल्ट ताकद लावून आवळला तर आटे खराब होतात. आणि घरी हे करायचेच ठरवले तर नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणत्याही परिस्थितीत शिरू नका. खाली स्टँड हवेत, चाकांना ठोकळे लावलेले हवेत.

काही गाड्यांचा फिल्टर वरून सहज हाताशी येतो. तो काढून रिकामा केला की दोन-तीनशे मिली ऑइल आपोआप कमी होते. तुमच्या गाडीला हे जमते का, ते मिस्त्री पाहताक्षणी सांगेल.

गाडी चालवून झाली असेल तर?

पाव-अर्धा लिटर जास्त असताना थोडे अंतर चालवली असेल तर घाबरायचे कारण नाही. ऑइल योग्य पातळीवर आणा, एअर फिल्टरचे घर उघडून आत ऑइल आले आहे का ते पाहा, एअर फिल्टर ऑइलाने भिजला असेल तर बदला. पुढचे काही दिवस पार्किंगमध्ये पुठ्ठा अंथरून ठेवा, म्हणजे गळती असली तर डाग दिसेल. धूर येत असेल आणि पातळी बरोबर केल्यावरही आठवडाभरात थांबला नाही, तर ब्रीदर पाइप आणि टर्बो तपासून घ्या. लाल दिवा लागलेला असताना चालवली असेल किंवा आतून ठोके ऐकू येत असतील, तर ऑइलचा दाब मोजून घेतल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.

डिझेल गाडीत एक धोका माहीत असायला हवा. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, दाबलेल्या गरम हवेत ऑइलही पेटते. ब्रीदरमधून किंवा टर्बोमधून खूप ऑइल आत ओढले गेले तर इंजिन त्याच ऑइलावर धावत सुटते. अ‍ॅक्सिलेटर सोडूनही रेस वाढत जाते, पांढऱ्या धुराचा लोट येतो आणि चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही. अशा वेळी मॅन्युअल गाडीत ब्रेक पूर्ण दाबून धरा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन गुदमरून बंद पडते. ऑटोमॅटिक गाडीत हा उपाय नाही. गाडीतून उतरून लोकांना दूर करा आणि बॉनेटवर वाकून उभे राहू नका. हे क्वचित घडते, पण अर्ध्या लिटरहून जास्त ऑइल असलेले डिझेल इंजिन सुरू करू नका असे म्हणण्यामागे हेच मोठे कारण आहे.

दुचाकीवाल्यांसाठी

स्कूटरला पाऊण लिटरच्या आसपास ऑइल लागते, त्यामुळे शंभर मिलीची चूकही तिथे मोठी. नेहमीची गडबड मोजण्यात होते. अनेक स्कूटरमध्ये गेज पुसून नुसते टेकवायचे असते, आटे फिरवून आवळायचे नसते. आवळून मोजले तर गेज जास्त खोल जाते आणि पातळी प्रत्यक्षाहून वर दिसते. मोटारसायकलला काचेची खिडकी असेल तर गाडी साइड स्टँडवर न ठेवता मेन स्टँडवर, सरळ उभी करून पाहा. जास्त ऑइलचे पहिले चिन्ह एअर फिल्टरच्या डब्यात दिसते, तिथे तळाला ऑइल साचते. सिरिंज आणि नळीचा उपाय इथेही तसाच चालतो, आणि बऱ्याच दुचाकींत तोच पुरतो.

काढलेले ऑइल कुठे टाकायचे?

गटारात नक्कीच नको. शहरातले सांडपाणी जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून पंचगंगेकडे जाते. वापरलेले ऑइल 2016 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते. 1 एप्रिल 2024 पासून वापरलेले ऑइल गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, वर "जुने ऑइल" असे लिहून गॅरेजमध्ये द्या. तिथले ऑइल नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकार उचलतात का, हेही विचारा. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून किंवा चूल पेटवायला ते वापरण्याची जुनी सवय सोडलेली बरी. त्यातले धातूचे कण आणि जळका अंश त्वचेला आणि श्वासाला अपायकारक आहेत. नवे, न वापरलेले ऑइल स्वच्छ बाटलीत काढले असेल तर मात्र ते झाकण लावून, ग्रेड लिहून ठेवा. पुढच्या टॉप-अपला उपयोगी पडेल.

पुढच्या सर्व्हिसिंगला

गाडी देतानाच जॉब कार्डवर ऑइलचा ग्रेड आणि पुस्तिकेत दिलेले लिटरमधले माप लिहून घ्या, फिल्टरसहित की फिल्टरशिवाय तेही. ताब्यात घेताना, पैसे देण्याआधी, गॅरेजच्या सपाट फरशीवरच गेज काढून पाहा. डब्यात ऑइल उरले असेल तर ते मागून घ्या, ते तुमच्याच बिलातले आहे. सांगितलेले माप ओतले तर डब्यात थोडे उरणे साहजिक आहे. कंपनीचा डबा तुमच्या इंजिनाच्या मापाने भरलेला नसतो.

पातळी जास्त निघाली तर तिथेच सांगा, आणि गाडी घरी आल्यावर लक्षात आले तर गेजचा फोटो काढा, किलोमीटरचा आकडा दिसेल असा डॅशबोर्डचाही काढा, आणि गॅरेजला फोन करून मिस्त्री घरी पाठवायला सांगा. अर्ध्या लिटरहून जास्त असेल तर गाडी चालवत परत नेऊ नका. पुढे वाद झालाच तर हे फोटो आणि जॉब कार्ड कामाला येतात. सदोष सेवेबद्दल 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पण चांगले गॅरेज तिथवर वेळ येऊ देत नाही. गेज दाखवले की जादा ऑइल मुकाट्याने काढून देते.

बाकी काम महिन्यातून एकदा, पाच मिनिटांचे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, इंजिन थंड असताना गेज पाहा आणि आकडा सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर लिहा. पुस्तिकेची पद्धत वेगळी असली तरी दर महिन्याची तुलना खरी राहते. घट दिसली तर अर्ध्या लिटरचा डबा घ्या आणि दोनदा मोजत घाला. वाढ दिसली तर काही ओतू नका, काही काढूही नका. आधी वास घ्या, रंग पाहा, कूलंटची टाकी पाहा आणि मिस्त्रीला फोन करा. तो विचारील तेव्हा "ऑइल जास्त झालंय" एवढेच सांगून थांबू नका. मागच्या महिन्यात किती होते, आज किती आहे आणि मधे कुणी काय ओतले, या तीन गोष्टी सांगा. निदान अर्धे तिथेच झालेले असेल.